मशीन माळ्यावर टाकायच्या आधी : झोपेबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात घोरणं आणि स्लीप स्टडी (रात्रीच्या झोपेची तपासणी) यावर लिहिलं होतं, त्यावर भरपूर प्रश्न आलेत. परत परत आलेले तेवढे इथे घेतलेत. बहुतेक पत्रं पेशंटची नाहीत, घरच्यांची आहेत, आणि ते साहजिकच आहे, कारण स्लीप अ‍ॅप्नियात, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारात, रात्री काय चाललंय ते शेजारी झोपणाऱ्यालाच कळतं.

प्रश्न : डॉक्टर, ह्यांचं वय ५४. घोरणं लग्नापासूनच आहे पण गेली तीनचार वर्षं घोरता घोरता एकदम शांत होतात, श्वासच नाही, मी घाबरून हात लावून बघते, मग जोरात हिसका देऊन परत सुरू. स्लीप स्टडीत एएचआय ४२ आलाय. सीपॅप मशीन (मास्कमधून हवा देणारं) घेतलं, जेमतेम आठवडाभर लावलं आणि आता माळ्यावर आहे. म्हणतात जीव गुदमरतो, तोंड कोरडं पडतं, डोळ्यात हवा जाते, आणि लोक म्हणतील ऑक्सिजनवर ठेवलंय. वर म्हणतात मला मस्त झोप लागते, प्रॉब्लेम तुलाच आहे. दर शनिवारी एकटे गाडी घेऊन मुंबईला जातात. — एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, आधी गाडीचं बोलते. मशीन नीट सुरू होऊन दिवसाची झोप जाईपर्यंत त्यांनी एक्स्प्रेसवेवर गाडी चालवायची नाही, एसटीने किंवा ट्रेनने जाऊ देत. सरळ रस्ता, एकसारखा वेग, एसीची गार हवा, यात डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात आणि ती लागली हे चालवणाऱ्याला कळतही नाही. यावर तुम्ही भांडलात तरी चालेल.

आता ४२ म्हणजे काय ते त्यांना वाचून दाखवा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे जाते आणि श्वासाचा रस्ता बंद होतो किंवा अगदी अरुंद होतो, निदान दहा सेकंद तरी. असं तासाला किती वेळा होतं तो आकडा म्हणजे एएचआय. पाचपर्यंत ठीक, पाच ते पंधरा सौम्य, पंधरा ते तीस मध्यम, तीसच्या वर गंभीर. ४२ म्हणजे साधारण दर दीड मिनिटाला एकदा. प्रत्येक वेळी ऑक्सिजन खाली येतो, मेंदू धोक्याची घंटा मारतो, बीपी उसळतं, झोप क्षणभर मोडते आणि हे सकाळी काहीच आठवत नाही, म्हणून "मला मस्त झोप लागते" असं ते मनापासून सांगतायत, खोटं बोलत नाहीयेत. पण टीव्हीसमोर बसल्या बसल्या डोळा लागतो का, सकाळी डोकं जड असतं का, बीपीच्या दोनतीन गोळ्या घेऊनही बीपी हटत नाही का, हे विचारा. रात्री लघवीला तीनतीनदा उठतात का तेही बघा, पुरुषांमध्ये याचं खापर थेट प्रोस्टेटवर फुटतं पण अ‍ॅप्नियातही हे होतं : घसा बंद असताना छाती श्वास ओढायला जोर लावते, त्याने हृदयावर ताण येतो आणि हृदय असं हार्मोन सोडतं की किडनी जास्त लघवी तयार करते. मशीन लावल्यावर बऱ्याच जणांचं हे उठणं कमी होतं.

मशीनमध्ये ऑक्सिजन नसतो हो. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने नाकातून आत जाते आणि त्या दाबाने घसा उघडा राहतो, बस एवढंच. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा छापून आणलं तेव्हा फक्त पाच पेशंट होते, आज जगभर लोक हेच लावून झोपतात.

आता त्यांच्या तक्रारी, आणि मला याच सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात, कारण मशीन माळ्यावर जातं ते बहुतेक वेळा मास्कमुळे, माणसाच्या हट्टामुळे नाही. डोळ्यात हवा जाते म्हणजे मास्क वरच्या बाजूला लीक होतोय, एकतर साइज चुकलीय किंवा दुकानात बसल्या बसल्या ट्राय केलाय. मास्क आडवं पडून, मशीन चालू करून, कुशीवर वळून बघायचा, कारण झोपल्यावर गालांचा आकार बदलतो. पट्टे करकचून आवळले की लीक वाढतो, कमी होत नाही, नाकावर वळ उठतात ते वेगळंच. मिशी दाट असेल तर नाकावर बसणाऱ्या कुशनची कड नीट टेकत नाही, मग नाकपुडीत बसणाऱ्या छोट्या पिलो चालतात का बघायचं. तोंड कोरडं पडतंय म्हणजे बहुधा तोंड उघडं राहून हवा तिथून निघून जातेय, त्याला नाक बंद असेल तर आधी नाकाचा इलाज, मग हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क, आणि ह्युमिडिफायर (मशीनची हवा ओलसर करणारा भाग). गुदमरतं त्यावर रॅम्प नावाचं सेटिंग आहे, दाब अगदी कमीपासून सुरू होऊन हळूहळू वर चढतो. पण कधीकधी उलटं असतं, सुरुवातीचा दाबच इतका कमी ठेवलेला असतो की हवा पुरत नाही असं वाटतं, ते तुमच्या डॉक्टरांनी किंवा टेक्निशियनने बघून वाढवायला हवं.

आणि पहिले काही दिवस रात्री लावूच नका. संध्याकाळी मॅच बघताना, पेपर वाचताना अर्धा तास नुसतं लावून बसू देत, मेंदूला कळू दे की यात धोका नाही. मशीनमध्ये कार्ड असतं किंवा मोबाइलवर अ‍ॅप असतं, किती तास लावलं, किती लीक झालं, लावलेलं असताना एएचआय किती राहिला, सगळं त्यात दिसतं, ते घेऊन दोघांनी मिळून जा. दोघांनीच. एकटे गेले तर "चाललंय ठीक" एवढंच सांगून परत येतील.

प्रश्न : ओळखीच्यांकडे वापरलेलं सीपॅप निम्म्या किमतीत मिळतंय, घेऊ का? — वाचक, पिंपरी

उत्तर : तुमची स्लीप स्टडी झालीय का ते लिहिलं नाहीत. ती आधी. दाब किती लागणार ते ठरल्याशिवाय दुसऱ्याच्या सेटिंगचं मशीन लावणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालण्यासारखं आहे. स्टडी झाली असेल आणि बजेटचा खरंच प्रश्न असेल तर मॉडेल नंबर आणि किती तास चाललंय ते मशीनमध्येच बघून घ्या. जून २०२१ मध्ये फिलिप्सने त्यांची बरीच मॉडेल्स परत मागवली होती, आतला आवाज कमी करणारा फोम झिजून त्याचे कण हवेत येऊ शकतात म्हणून, तसलं जुनं मशीन असेल तर मुळीच नको. मास्क, नळी आणि फिल्टर कोणत्याही परिस्थितीत नवीनच घ्यायचे.

प्रश्न : मॅम, मी ३१, हिंजवडीत यूएस शिफ्ट करते, पहाटे पाचला कॅब घरी सोडते. बारीक आहे, घोरत नाही. पण आल्यावर झोपच येत नाही आणि सुट्टीच्या दिवशी रात्री घरच्यांबरोबर झोपायला गेले तर टक्क जागी. आईच्या अल्प्राझोलाममधली अर्धी गोळी अधूनमधून घेते. चालेल का? — बाणेर

उत्तर : नाही चालणार गं. गोळी आईला कशासाठी दिलीय, किती दिवसांसाठी दिलीय, ते तिच्या डॉक्टरांना माहीत. हिची सवय लागते, आणि रोज घेत असशील तर एकदम बंद करणंही धोक्याचं, हळूहळू कमी करावी लागते, त्यामुळे खरं काय ते डॉक्टरांना सांग. जाता जाता आईला पण सांग, घोरणाऱ्या माणसाने असल्या गोळ्या विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, त्यांनी घसा अजून सैल पडतो, दारूचंही तसंच.

तुझ्या शरीराचं घड्याळ आठवड्यात दोनदा देश बदलतंय. पाच दिवस सकाळी सहाला झोपायचं आणि शनिवारी रात्री अकराला, हे त्याला जमत नाही. सुट्टीच्या दिवशी मधला रस्ता धर, रात्री तीनच्या आसपास झोप आणि दुपारपर्यंत झोपू दे तुला, घरच्यांना एकदा बसून समजावून सांग की हा आळस नाही. शिफ्टच्या दुसऱ्या अर्ध्यात कॉफी नको, पोटात गेलेल्या कॅफीनमधलं निम्मं पाचएक तासांनी पण शरीरातच असतं. कॅबमध्ये उजाडायला लागलं की गॉगल घाल. खोलीला जाड काळे पडदे. बेलवर चिठ्ठी चिकटव, कारण सकाळी सात ते दहा दूधवाला, कुरिअर, कचऱ्याची गाडी, शेजारचा कुकर, सगळे त्याच वेळात येतात.

अंथरुणात पडून मोबाइल बघायचा नाही. बराच वेळ झोप येत नाहीये असं वाटलं की उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बस, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं वाच, डोळे जड झाले की परत ये. हा सीबीटी-आय नावाच्या, सवयी आणि विचार बदलून झोप सुधारण्याच्या उपचाराचा एक भाग आहे, जुनाट निद्रानाशावर पहिला उपचार म्हणून हाच सांगतात, गोळी नंतर. आठवड्यातून तीन रात्री झोपेचा त्रास आणि असं तीन महिने चाललं असेल तर तो जुनाट धरतात, तसं असेल तर हे शिकवणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाकडे किंवा सायकॉलॉजिस्टकडे जा.

प्रश्न : बाबा ६६ वर्षांचे, एएचआय ३१, सहा महिने मशीन छान चालू आहे. यंदा माउलींबरोबर आळंदी ते पंढरपूर चालायचं म्हणतात. मशीन घरी ठेवून गेले तर चालेल का, तंबूत कुठे लावणार? — सिंहगड रोड

उत्तर : जाऊ देत, मनापासून सांगते जाऊ देत, पण मशीन बरोबर. अ‍ॅप्निया काही बरा झालेला नसतो, मशीन काढलं की रात्रीदोन रात्रीत परत येतो, आणि इथे तर दिवसभर चालून थकलेलं शरीर. सामान दिंडीच्या ट्रकमध्येच असतं तेव्हा वजनाचा प्रश्न नाही. बहुतेक मशीनना चालणारी लिथियम बॅटरी मिळते, मात्र तुमचं मशीन १२ व्होल्टवर चालतं की २४ ते बघून त्याच कंपनीचा अ‍ॅडाप्टर घ्या, भलती वायर जोडू नका. ह्युमिडिफायर बंद ठेवायचा, खरी वीज तोच खातो, तो बंद केला की बॅटरी बरीच जास्त पुरते. घरी चार रात्री तसंच ह्युमिडिफायरशिवाय, बॅटरीवर झोपून बघा म्हणजे किती पुरते ते कळेल. पुण्यात मुक्काम असतो तेव्हा घरी येऊन चार्ज करून घेता येईल, पुढे जिथे लाइट मिळेल तिथे, दिंडीप्रमुखांना आधीच सांगून ठेवा. पाऊस आणि धूळ दोन्ही असणार त्यामुळे जास्तीचे फिल्टर द्या आणि मशीन जमिनीवर न ठेवता पत्र्याच्या पेटीवर. एखाद्या रात्री लाइटच नाही मिळाली तर उताणं झोपायचं नाही, कुशीवर, पाठीमागे बोचकं लावून. बीपीच्या गोळ्या आणि मशीनचं प्रिस्क्रिप्शन खिशात. आणि दिवे घाटाआधी हार्ट आणि शुगर एकदा तपासून घ्या, ते मशीन नसतं तरी सांगितलं असतं.

प्रश्न : मी शंखनाद पथकात आहे. शंख वाजवल्याने स्लीप अ‍ॅप्निया बरा होतो असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतंय. खरं आहे का? — नारायण पेठ

उत्तर : त्यामागे खरा अभ्यास आहे, फिरताना फुगलाय एवढंच. जयपूरच्या डॉक्टरांनी मध्यम अ‍ॅप्नियाच्या ३० जणांवर केला, २०२५ मध्ये छापून आला. १६ जणांनी सहा महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज पंधरा मिनिटं शंख वाजवला, बाकीच्यांनी दीर्घ श्वसन केलं. शंखवाल्यांची दिवसाची झोप ३४ टक्क्यांनी कमी झाली आणि श्वास थांबणं तासाला चारपाचने घटलं. घशाचे स्नायू दमदार होत असावेत असा अंदाज. मला हे वाचून आनंदच झाला. पण ज्याचा एएचआय ४२ आहे त्याचे चारपाच गेले तर ३७ उरतात, म्हणजे गंभीर तो गंभीरच, आणि ३० माणसांवरून सगळ्यांसाठी निष्कर्ष काढता येत नाही. तुम्ही वाजवताय तर वाजवत राहा, घोरत असाल तर टेस्ट करा, आणि मशीन लागलंच तर दोन्ही करा. वजन जास्त असेल तर ते कमी करण्याचा फायदा याहून मोठा आहे.

प्रश्न : वय ४८. रात्री पडलं की पायात मुंग्या चालल्यासारखं होतं, पाय हलवावेच लागतात, उठून फिरलं की बरं वाटतं. मुलगी म्हणते मनाचे खेळ आहेत. — हडपसर

उत्तर : मनाचे खेळ नाहीत काकू. रेस्टलेस लेग्ज म्हणतात याला, आणि तुम्ही लिहिलंय ते इतकं नेमकं आहे की मला फार विचारायचं उरलं नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल आहे म्हणून थांबू नका, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासा, या आजारात ते ७५ च्या खाली असेल तरी डॉक्टर लोह देतात. जेवणावर लगेच चहा घेत असाल तर तो तासभर पुढे ढकला, चहाने लोह अंगी लागत नाही. सर्दीच्या, झोप आणणाऱ्या जुन्या गोळ्यांनी आणि डिप्रेशनच्या काही औषधांनी हे वाढतं, काय काय चालू आहे ते डॉक्टरांना दाखवा, स्वतःहून बंद करू नका. आणि पाळी जायच्या वयात बायकांमध्ये अ‍ॅप्निया वाढतो, घोरण्यापेक्षा थकवा, डोकेदुखी, तुटक झोप अशा रूपात येतो, म्हणून मुलीला दोन रात्री शेजारी झोपून ऐकायला सांगा.

प्रश्न : सहा वर्षांचा मुलगा तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, घामाने उशी भिजते, मधे बंद झालेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय. शाळेतून तक्रार येते की एका जागी बसत नाही. — वारजे

उत्तर : अंथरुणावरून त्याला रागावू नका, कृपा करून. या वयात बहुतेक वेळा टॉन्सिल आणि नाकामागच्या अ‍ॅडेनॉइडच्या गाठी वाढलेल्या असतात, श्वास अडतो, झोप मोडते, आणि मोठी माणसं अपुऱ्या झोपेने पेंगतात तशी मुलं पेंगत नाहीत, उलट चळवळी आणि चिडकी होतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांना लवकर दाखवा. गाठी काढाव्या लागल्या तर घाबरू नका, बऱ्याच मुलांचा त्रास त्याने जातो. जायच्या आधी रात्री त्याचा दोनतीन मिनिटांचा व्हिडिओ काढा, दिवा लावून, शर्ट वर करून छाती आणि पोट दिसेल असा, पंखा बंद ठेवून म्हणजे आवाज नीट येईल, आणि तपासणीच्या आधी तो डॉक्टरांना दाखवा.