हायस्कूलवरची जपानी अ‍ॅनिमे बघायची आहेत, कुठून सुरुवात करू आणि ती कोणता स्टुडिओ बनवतो?

स्टुडिओ अनेक आहेत, पण शाळेच्या गोष्टींसाठी मी आधी क्योटो अ‍ॅनिमेशनचंच नाव घेईन. 1981 साली सुरू झालेला हा स्टुडिओ टोकियोत नाही, क्योटोजवळच्या उजी शहरात आहे. चित्रकारांना कामापुरतं न बोलावता पगारावर ठेवायचं, ही त्यांची पद्धत. तो निवांतपणा पडद्यावर दिसतो.

सुरुवात ‘के-ऑन!’पासून करा (2009). पाच मुली, एक बँड, आणि सरावापेक्षा चहा-केकच जास्त. त्यातली शाळा शिगा प्रांतातल्या तोयोसातोच्या जुन्या शाळेवरून काढली आहे. तिथल्या जिन्याच्या कठड्यावर ससा-कासवाच्या छोट्या धातूच्या मूर्ती खरंच आहेत.

कोडी आवडत असतील तर ‘ह्योका’ (2012).

माझं सगळ्यात लाडकं मात्र ‘साउंड! युफोनियम’ (2015). शाळेचा वाद्यवृंद, निवड चाचणी, मैत्रिणींमधली चुरस. एका रात्री त्यातली नायिका कुमिको उजीच्या पुलावरून रडत धावते, मला अजून चांगलं वाजवता आलं पाहिजे म्हणून ओरडते. कशात तरी मागे पडलेल्या कुणालाही ते थेट भिडतं.

18 जुलै 2019 ला या स्टुडिओला आग लावली गेली, 36 जण गेले. ‘ह्योका’चे दिग्दर्शक यासुहिरो ताकेमोतो त्यांतच होते. म्हणून शेवटची नामावली मी कधी वगळत नाही. तुम्हीही पूर्ण बघा.