निलगिरीच्या खालच्या पानांच्या कडा करपतात : पोटॅश किती, कधी, कुठे

तुमच्या प्रश्नाचा गोषवारा असा : गोव्याच्या सत्तरी तालुक्यात जांभ्या उतारावर २ हेक्टर निलगिरी, अंतर ३ बाय २ मीटर, वय १४ महिने. दर झाडाला तीन हप्त्यांत मिळून १५० ग्रॅम दाणेदार १९:१९:१९ दिले. तरी खालच्या जुन्या पानांच्या टोकापासून कडा तपकिरी होऊन वाळतात, आणि दुकानदार म्हणतो तेच खत आणखी घाला.

वर्णन पालाशाच्या (पोटॅशियमच्या) कमतरतेचे आहे. त्यावर तेच खत वाढवणे मात्र चुकीचे ठरेल. १९:१९:१९ मध्ये नत्र (नायट्रोजन), स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश प्रत्येकी १९ टक्के, म्हणून १५० ग्रॅममध्ये पालाश २८.५ ग्रॅम. हेक्टरी १,६६६ झाडे धरली तर जेमतेम ४७ किलो. अशा निकस जमिनीत पहिल्या दोन वर्षांत हेक्टरी १२० किलो पालाश धरून चालावे, म्हणजे झाडामागे ७२ ग्रॅम. नत्र मात्र तुम्ही पालाशाइतकेच दिले. नत्राने पाला भराभर फुटतो, नव्या पाल्याला पालाश हवा असतो, जमिनीत तो नसतो, मग झाड जुन्या पानांतला पालाश काढून शेंड्याकडे पाठवते. कडा करपतात त्या त्यामुळे.

उरलेला हिशेब सोपा आहे. ७२ वजा २८.५ म्हणजे ४३.५ ग्रॅम पालाश. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये (आपले लाल पोटॅश) पालाश ६० टक्के, म्हणून झाडामागे साधारण ७२ ग्रॅम. दोन हेक्टरांना २४० किलो, ५० किलोच्या पाच गोण्यांना थोडे कमी.

हे एकदम टाकू नका. जांभ्यातली चिकणमाती केओलिनाइट जातीची. तिला पालाश धरून ठेवायला जागाच फार कमी, आणि वरून तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. जुलैच्या झडीत घातलेले पोटॅश मुळांखाली निघून जाते, नाहीतर उतारावरून ओहोळात. म्हणून ३६ ग्रॅम आता सप्टेंबरात, पाऊस ओसरला पण माती ओली आहे तेव्हा. उरलेले ३६ ग्रॅम पुढच्या जूनमध्ये, पहिल्या दोन-चार सरी होऊन माती भिजल्यावर, मोठी झड बसण्याआधी. ऑक्टोबर उलटून माती सुकली की घालण्यात अर्थ नाही, क्षार वरच बसून राहतो.

बुंध्याला चिकटून खत नको. बुंध्यापासून ६० ते ७५ सेंटीमीटरवर, उताराच्या वरच्या अंगाला अर्धवर्तुळाकार चर काढा, चार-पाच सेंटीमीटर खोल. पोटॅश पसरून मातीने झाका, वर पातेरा (गळलेला पाला) टाका. नव्या लागवडीत हेच अंतर २० ते २५ सेंटीमीटर. रोपाच्या मुळाशी थेट पोटॅश पडले तर रोप करपते आणि दोष वाळवीवर जातो. नव्या रोपाला एकूण १२० ग्रॅम असे वाटा : लागवडीनंतर महिन्याने २०, सप्टेंबरात ४०, पुढच्या जूनमध्ये ६०. खड्ड्यात २०० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट मात्र हवेच, कारण जांभ्यातले लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरून बसतात.

पोटॅश वाढवले की दोन गोष्टी बिघडतात. पहिली मॅग्नेशियम. जुनी पाने शिरा हिरव्या ठेवून मध्ये पिवळी पडू लागली तर ते हेच. निलगिरीला आम्लता सोसते, त्यामुळे सामू (pH) ६.५ वर आणायच्या नादी लागू नका. हेक्टरी एक टन डोलोमाइट (मॅग्नेशियम असलेली चुनखडी), म्हणजे झाडामागे ६०० ग्रॅम, हे कॅल्शियम-मॅग्नेशियमसाठी पुरे. ते युरिया किंवा १९:१९:१९ सोबत मिसळू नका, अमोनिया उडून जातो. तीन आठवड्यांचे अंतर ठेवा.

दुसरा बोरॉन. त्याची खूण शेंड्याला दिसते : कोवळी पाने वाकडी, जाड, ठिसूळ. उन्हाळ्यात शेंडा मरतो आणि खालून चार फांद्या फुटून झाडाचे झुडूप होते. पोटॅशने वाढ जोमाने सुरू झाली की ही उणीव उघडी पडते. सप्टेंबरच्या हप्त्यासोबत झाडामागे १० ग्रॅम बोरॅक्स (बोरॉनचे खत), गोल पसरून. मूठभर नव्हे, १० ग्रॅमच. जास्त झाले तर पानांच्या कडाच जळतात आणि ते पुन्हा पालाशाच्या कमतरतेसारखे दिसते.

काजूच्या हंगामात भट्टीवरची लाकडाची राख फुकट मिळते, ती जरूर घ्या. पालाश साधारण ३ ते ७ टक्के, पण राख कोरडी साठवलेली असेल तरच. पावसात भिजलेल्या ढिगातला पालाश केव्हाच वाहून गेलेला असतो. माडाला घालतात तसे मीठ घालू का, असेही विचारलेत. ब्राझीलमधल्या प्रयोगांत सोडियमने निलगिरीत पालाशाचे काही काम केले, सगळे नाही. विकत घ्यायचेच तर पोटॅश घ्या.

जमिनीची खोली तुम्ही सांगितलेली नाही, ती खणून पाहा. ब्राझीलच्याच साओ पावलो राज्यात निलगिरीच्या झाडांखाली पोचणारे सुमारे ३७ टक्के पावसाचे पाणी अडवून चाचणी झाली होती. तिथे पालाश मिळालेली झाडे जोमाने वाढली, पण पाणीही जास्त प्यायली. अर्ध्या मीटरवर कातळ लागत असेल तर पूर्ण मात्रा देऊन मोठा पर्णसंभार उभा करणे म्हणजे मार्च ते मे तहान वाढवणे. तिथे जूनचा हप्ता अर्धा करा.

बेणणी करताना रानमोडी हे तण फुलण्याआधी कापून आळ्यातच अंथरा, तिच्यात पालाश चांगला असतो. पातेरा जाळू नका, झाडून नेऊही नका. तोडणीच्या वेळी साल रानातच सोलून पसरा, ठेकेदाराच्या ट्रकात जाऊ देऊ नका. तोडीनंतर फुटवे ठेवणार असाल तर पोटॅशची गरज पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

पुढच्या खेपेला माती परीक्षणाचा अहवाल टाका. उपलब्ध पालाश हेक्टरी १२० किलोच्या आत असेल तर वरचा हिशेब तसाच ठेवा. २८० च्या वर निघाला तर पोटॅश थांबवा, आणि पंधरा-वीस झाडांच्या वरच्या तिसऱ्या भागातली नुकती पक्व झालेली पाने तपासायला द्या. पोटॅशियम एक टक्क्याच्या आसपास असेल, तर कडा करपण्याचे कारण दुसरे शोधावे लागेल.