अपघाताच्या दिवशी दुखले नाही, मग आता का दुखते?

प्रश्न : गेल्या आठवड्यात सिग्नलपाशी थांबलेल्या आमच्या मोटारीला मागून दुसऱ्या गाडीने धडक दिली. मी चालकाशेजारी बसले होते आणि सीटबेल्ट लावलेला होता. कुठे खरचटलेही नव्हते, त्यामुळे विचारणाऱ्या प्रत्येकाला मी ‘काही झालेले नाही’ असेच सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उशीवरून डोके उचलताना हाताचा आधार घ्यावा लागला. आता मान पूर्ण वळत नाही आणि दोन्ही खांद्यांच्या मधोमध ठणका लागतो. एक्स-रेमध्ये काही निघाले नाही, म्हणून मी उगाच बाऊ करते आहे असे घरच्यांना वाटते. मानेला पट्टा लावून विश्रांती घ्यावी का? हे बरे व्हायला किती दिवस लागतील?

उत्तर : आपण बाऊ करत नाही. मागून धडक बसते तेव्हा सीटची पाठ धडाला एकदम पुढे ढकलते, पण डोके क्षणभर जागच्या जागी राहते. त्या सेकंदाच्या दहाव्या भागात मानेचा खालचा भाग मागे आणि वरचा भाग पुढे वाकतो, आणि धडकेची कल्पना नसल्यामुळे स्नायूंना मान सावरायला वेळच मिळत नाही. ताण बसतो तो मणक्यांच्या लहान सांध्यांवर, त्यांच्या आवरणांवर, हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर. एक्स-रेमध्ये मुख्यतः हाडे दिसतात, या मऊ भागांची इजा दिसत नाही. म्हणून निर्दोष एक्स-रेचा अर्थ ‘हाड मोडलेले दिसत नाही’ इतकाच घ्यावा. गाडीला फारसा पोचा आलेला नाही, यावरूनही माणसाला किती मार बसला याचा अंदाज बांधता येत नाही.

दुखणे उशिरा सुरू होण्यालाही कारण आहे. धडकेनंतर संकटाच्या वेळी शरीरात स्रवणारे अॅड्रेनलिन आणि शरीराची स्वतःची वेदनाशामक द्रव्ये काही तास दुखणे दाबून ठेवतात. सूज मात्र सावकाश चढते आणि साधारणपणे 24 ते 72 तासांत त्रास जाणवण्याइतकी वाढते. दुखावलेला भाग हलू नये म्हणून भोवतालचे स्नायू आवळले जातात आणि रात्रभराच्या स्थिरतेने ते आणखी आखडतात, त्यामुळे सकाळ सर्वांत वाईट जाते.

पट्ट्याविषयी माझे मत स्पष्ट आहे : अस्थिभंग नाही याची डॉक्टरांनी तपासून खात्री केली असेल, तर तो लावू नये. पूर्वी तो सर्रास दिला जाई, पण मान जितके दिवस बांधून ठेवावी तितकी ती ताठ होते आणि स्नायू दुबळे पडतात. या इजेचा अभ्यास करणाऱ्या कॅनडातील क्यूबेक कार्यगटाने 1995 मध्येच दीर्घ विश्रांतीऐवजी लवकर हालचाल सुरू करण्याची शिफारस केली होती. ताठ बसून मान ताण जाणवेपर्यंतच सावकाश एका बाजूला वळवावी, दोन-तीन सेकंद थांबावे आणि मग दुसरीकडे वळवावी. त्यानंतर कान खांद्याकडे झुकवावा. असे काही वेळा करून दिवसातून चार-पाचदा हा क्रम पाळावा. व्यायाम करताना थोडे दुखले तरी चालेल. पण वाढलेला ठणका दुसऱ्या दिवशीही टिकला, तर हालचाल कमी करावी, बंद करू नये. शेक किंवा बर्फ यांपैकी ज्याने बरे वाटेल ते घ्यावे, मात्र बर्फ कापडात गुंडाळूनच लावावा. मान कटकन मोडून देतो म्हणणाऱ्यांपासून दूर राहावे. खांद्यावरून मागे सहज बघता येईपर्यंत गाडी चालवू नये. पॅरासिटामॉल घेत असाल तर प्रौढ व्यक्तीने 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. सर्दीच्या गोळ्यांतही पुष्कळदा तेच औषध असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

बरे होण्याचा नेमका दिवस सांगता येत नाही. पुष्कळांना काही आठवड्यांत चांगला उतार पडतो आणि बहुतेकांचे दुखणे तीन महिन्यांच्या आत बरेच कमी होते. काहींचे मात्र रेंगाळते. सुरुवातीलाच तीव्र वेदना असणे, झोप न लागणे आणि ‘मान हलवली तर आणखी बिघडेल’ ही भीती, अशा रुग्णांत रेंगाळण्याची शक्यता जास्त असते. घरच्यांच्या अविश्वासाचा इथे काहीच उपयोग नाही. उलट दुखणे खरे आहे हे पटवून देण्यातच रुग्णाची शक्ती खर्च होते.

हात किंवा बोटे बधिर होणे, मुंग्या येणे, पकड सैल पडणे, चालताना तोल जाणे किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणे, यांतले काहीही आढळल्यास वाट न पाहता रुग्णालयात जावे. पोटात दुखू लागले, पोटावर सीटबेल्टचा काळानिळा वळ उठला, किंवा मार नसताना डाव्या खांद्याच्या टोकाशी दुखू लागले, तरी तेच करावे. पोटात डावीकडे बरगड्यांखाली असलेल्या प्लीहेला इजा होऊन आत रक्तस्राव झाल्यास वेदना त्या खांद्यात जाणवू शकते.

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय 74 असून ते रक्त पातळ करणारी गोळी घेतात. तीन आठवड्यांपूर्वी मोटारीच्या अपघातात त्यांचे डोके खिडकीवर हलकेच आपटले होते. आता डोके दुखते आणि ते बोलता बोलता गोंधळतात. हे वयामुळे असेल का?

उत्तर : हे वयावर सोडून देऊ नका. उतारवयात मेंदू थोडा आकसलेला असल्याने त्याच्या पृष्ठभागावरून कवटीच्या बाजूला जाणाऱ्या शिरा ताणलेल्या असतात. किरकोळ धक्क्यानेही त्यांतून रक्त झिरपू लागते आणि ते साठून मेंदूवर दाब यायला काही आठवडे लागू शकतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळीमुळे हा धोका वाढतो. त्यांना आजच रुग्णालयात न्या, अपघाताची आणि गोळीची माहिती आधी द्या; डोक्याचा सीटी स्कॅन करावा लागेल. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि डोकेदुखीसाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नका.