वाचकांचे प्रश्न : देवाला आपल्यात काय दिसतं?

प्रश्न : बायबलच्या शास्ते या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात देवदूत गिदोनाला ‘बलवान वीर’ म्हणतो. त्या वेळी तर गिदोन इस्राएलाला लुटणाऱ्या मिद्यानी लोकांच्या धाकाने लपलेला आहे. मग ही नुसती उमेद वाढवण्यापुरती स्तुती समजायची का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : स्तुती नव्हे. गिदोन किती घाबरलेला आहे हे वचन झाकून ठेवत नाही. गहू झोडायचा तो उघड्या खळ्यावर, जिथे वारा मिळतो. हा द्राक्षकुंडात झोडतोय, कारण खळ्यावर धान्य दिसलं की मिद्यानी ते लुटून नेणार. मनश्शे वंशात माझं कूळ सर्वांत दुबळं आणि बापाच्या घरात मी सर्वांत लहान, असं तो स्वतःच सांगतो. देव यातलं काही खोडून काढत नाही. ‘मी तुझ्याबरोबर असेन’ एवढंच म्हणतो (6:16). गिदोनाचं वीर होणं त्या सोबतीवर उभं आहे.

पुढचा क्रम सावकाश वाचा. बरेच जण तो ओलांडून थेट मिद्यान्यांशी लढणाऱ्या 300 माणसांवर जातात. पहिलं काम घरातलंच मिळतं : बापाने बांधलेली बआल दैवताची वेदी पाडायची आणि तिच्याजवळची अशेरा देवीची मूर्ती तोडायची. गिदोन 10 चाकर घेतो आणि भीतीपोटी रात्री जातो. रात्री का गेलास म्हणून देव त्याला एका शब्दाने बोलत नाही. सैन्य त्यानंतर येतं, तेही 32,000 वरून 10,000 आणि मग 300 वर आणलेलं. मात्र इतकं वाढलेला माणूसही घसरतो. विजयानंतर याच गिदोनाने लुटीतल्या सोन्याचं एफोद (याजकाचं वस्त्र) केलं आणि ते त्याच्या घराण्याला पाश झालं (8:27). हा भाग व्यासपीठावरून क्वचित ऐकू येतो, याचं वाईट वाटतं.

प्रश्न : आमच्या तरुण संघातल्या एका मुलाने नाताळच्या कार्यक्रमाची जबाबदारी अर्ध्यावर टाकली. आता कमिटी म्हणते, त्याला पुन्हा काही द्यायचं नाही. काय करावं?
– तरुण संघाच्या एक सेक्रेटरी, सोलापूर

उत्तर : ताई, कमिटीसमोर मार्काचं उदाहरण ठेवा. सुवार्तेच्या प्रवासात पंफुल्यातल्या पिर्गाहून तो पौल आणि बर्णबा या प्रेषितांना सोडून यरुशलेमेस परतला (प्रेषितांची कृत्ये 13:13). पुढच्या प्रवासाला पौलाने त्याला नकार दिला, आणि त्यावरून दोघांत इतकी तेढ आली की वाटा वेगळ्या झाल्या. बर्णबा त्याला घेऊन कुप्रास गेला. कुप्र हे बर्णबाचं मूळ ठिकाण आणि मार्काने आधी पाहिलेलं. ओळखीची जागा, लहान गट आणि सोबतीला अनुभवी माणूस. पुढे तुरुंगातून पौलच लिहितो की मार्काला घेऊन ये, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे (2 तीमथ्य 4:11).

त्या मुलाला संपूर्ण कार्यक्रम पुन्हा देऊ नका. चार रविवार शास्त्रवाचन द्या, शेवटची तारीख ठरवूनच. उतारा गुरुवारी कळवा आणि शनिवारी कुणासमोर तरी एकदा मोठ्याने वाचून घ्या. उपासनेनंतर त्याच दिवशी एक चांगली गोष्ट आणि एक सुधारणा सांगा. चार सुधारणा सांगितल्या तर तो पाचव्या रविवारी येणार नाही. बहुतेक वेळा बिघडतं ते दोन ठिकाणी. त्याची जुनी चूक चारचौघांत निघते, किंवा तो अडखळताच मोठं माणूस काम हातातून काढून घेतं. दोन्ही टाळा. अर्ध्यावर का सोडलं हेही एकट्याला बसवून विचारा. परीक्षा, घरचं आजारपण, हिशेबाची भीती, कारण वेगळं तर उपायही वेगळा.

मात्र प्रश्न पैशांच्या अफरातफरीचा किंवा लहान मुलांच्या सुरक्षिततेचा असेल, तर क्षमा करा, पण ते काम परत देऊ नका.

प्रश्न : बाप्तिस्मा होऊन बरीच वर्षं झाली, राग तसाच आहे. देवाला माझ्यात अजून काही दिसत असेल?
– एक भगिनी, मिरज

उत्तर : लूक 13:6-9 मधल्या येशूच्या दाखल्यातला मालक तीन वर्षं फळ शोधत अंजिराच्या झाडाशी येऊन रिकाम्या हाताने परततो. माळी आणखी एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात सभोवती खणण्याचं आणि खत घालण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतो. झाडाने जोर लावावा असं तो म्हणत नाही. ख्रिस्त तुमच्यासाठी हे करतो आहे. तुम्ही खणू द्या.

महिनाभर वहीत टिपा : राग कधी आला, कुणावर, त्याआधी जेवण आणि झोप झाली होती का. संध्याकाळी भुकेल्या पोटी येणारा राग आणि सासरच्या जुन्या दुखण्याचा राग एकाच प्रार्थनेत कोंबू नका. पहिल्याला वेळेवर चहा-पोळी पुरते, दुसऱ्यासाठी पाळकांशी बोलावं लागेल. दुखावलं त्याची माफी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत मागा (इफिस 4:26). फरक पडला का हे महिन्याअखेर स्वतः ठरवू नका, घरातल्या सर्वांत लहान माणसाला विचारा.