तिसरा किलोमीटर का रेंगाळला?

पत्र

ताई,
मी ३९ वर्षांची, नागपुरात एका शाळेत शिकवते. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने मला धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घेतलं. तेव्हा फुटाळा तलावावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतानाही धाप लागायची. आता आठवड्यातून चार दिवस फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्सकडे पाच-सहा किलोमीटर धावते, जानेवारीत पहिली हाफ मॅरेथॉन, म्हणजे एकवीस किलोमीटर, करायची आहे. सुरुवातीला माझ्या प्रत्येक रनच्या स्क्रीनशॉटवर तीस-चाळीस टाळ्या पडायच्या, आता दोन-तीन अंगठे. मैत्रीण वेगवान मंडळींबरोबर धावते, माझ्यासाठी थांबत नाही, माझ्या पोस्टवर काही लिहीतही नाही. ग्रुप दोनशेच्या वर गेला म्हणून ॲडमिनने एक तारखेपासून पाच किलोमीटरच्या आतले रन टाकायचे नाहीत असं ठरवलं. ते बरंच झालं, पण तरीही माझ्याकडे कोणी बघत नाही. एक काका तेवढे रोज लिहायचे. वेकोलि या कोळसा कंपनीतून रिटायर झालेले, स्वतः तीनच किलोमीटर करतात. "तिसरा किलोमीटर का रेंगाळला, चढ की पाणी?" असं काहीबाही विचारायचे, मी अंगठा द्यायची. या महिन्यात त्यांचंही काही आलं नाही. पहाटे उठायचा हुरूपच गेलाय. ग्रुप सोडून एकटीच धावू का?
— एकटी पडलेली

उत्तर

अगं, काका कुठे आहेत?

टाळ्यांचा सगळा हिशेब मांडून झाल्यावर शेवटी तू त्यांना तीन-चार ओळी दिल्यास आणि पुढे निघून गेलीस. एक म्हातारा माणूस रोज लिहायचा, ऑक्टोबर संपत आला तरी त्याचा शब्द नाही, आणि तुला त्यातून एवढंच दिसलं की आपल्या पोस्टवरचं आणखी एक उत्तर कमी झालं. मैत्रिणीचं नंतर बघू, तिथे बघण्यासारखं फार नाहीच. आधी हे.

काका जे 'काहीबाही' विचारत होते ते जरा नीट बघ. फुटाळ्यावरून वायुसेनानगरकडे रस्ता वर जातो. चढ लागला की त्या किलोमीटरला अर्धं ते एक मिनिट जास्त लागणारच, आणि लागू द्यायचं. पावलं आखूड करायची, नजर दहा-बारा फुटांवर ठेवायची, श्वास सपाटीवर होता तेवढाच राहिला पाहिजे. तिथे हट्टाने वेग धरून ठेवला तर चढ निघून जातो, पण चौथा आणि पाचवा किलोमीटर पायात शिसं भरल्यासारखे जातात. पाण्यासाठी थांबलं तर आकडे वेगळं बोलतात. घड्याळात ऑटो-पॉज चालू असेल तर थांबलेला वेळ त्यात धरलाच जात नाही. बंद असेल तर तेवढा एकच किलोमीटर लांबतो आणि पुढचा लगेच ताळ्यावर येतो. म्हणजे "चढ की पाणी?" हा प्रश्न कोणाला पडतो? ज्याने तुझा स्क्रीनशॉट उघडला, बोटांनी मोठा केला, एकेका किलोमीटरची ओळ वाचली आणि तू कुठल्या रस्त्याने धावतेस हे लक्षात ठेवलं, त्यालाच. टाळी द्यायला फोटो उघडावाही लागत नाही.

आणि उत्तर दोन शब्दांचं होतं. "चढ, काका." तू अंगठा दिलास. ज्याने प्रश्न विचारलाय त्याला अंगठा म्हणजे 'वाचलं, आता पुरे'.

आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' ही सायकल शर्यत सोलो गटात पूर्ण केली. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून पूर्व किनाऱ्यापर्यंत, बारा दिवसांच्या मुदतीत. नाव सोलो, पण त्या शर्यतीत सायकलवाल्याच्या मागे गाडीत त्याची माणसं असतातच. शेवटचं कधी खाल्लं, पाणी किती गेलं, झोप किती झाली, बोलताना जीभ अडखळतेय का, यावर त्यांची नजर असते. नुसत्या टाळ्या वाजवत बसली ती माणसं, तर त्यांचा गडी पहिल्याच वाळवंटात आडवा होईल. दोनशे जणांच्या त्या ग्रुपात तुझ्यावर अशी नजर ठेवणारं माणूस एकच होतं.

आता त्या एक तारखेकडे येऊ. पाचच्या आतले रन बंद झाले एक तारखेला. काका करतात तीन. काका गप्प झाले याच महिन्यात. शाळेत कुठलाही विषय शिकवत असशील, ही बेरीज तुला यायला हवी होती. उलट तू लिहितेस, "ते बरंच झालं."

ॲडमिनवर मी फार तोंडसुख घेणार नाही. सकाळी सहा ते आठ दोनशे जणांचे स्क्रीनशॉट कोसळायला लागले की कामाचा निरोप त्यात बुडतो, हे खरंच आहे. पण त्यावर साधे उपाय आहेत. निरोपांसाठी वेगळा ग्रुप काढायचा, ज्यात फक्त ॲडमिन लिहील; किंवा रोजची एकच यादी फिरवायची, जिच्यात प्रत्येकाने आपलं नाव आणि किलोमीटर खाली जोडायचे. अंतराची चाळणी लावली की गाळून जातात ते नवे आलेले, दुखण्यातून उठलेले आणि वय झालेले. म्हणजे ज्यांना सकाळी कोणीतरी "आलात का?" म्हणायची गरज असते, नेमके तेच. एकवीस किलोमीटर मारून आलेल्याला ग्रुपवाचून काही अडत नाही, कौतुक झालं तर त्याला गोड लागतं इतकंच. आणि बाप्पा, तुझा स्वतःचा पहिला रन किती होता? फुटाळ्यावर चालताना धाप लागणारी बाई पहिल्या दिवशी पाच किलोमीटर धावली नसणार. हा नियम तेव्हा असता तर तुझ्या चाळीस टाळ्या कुठून आल्या असत्या?

दुसरंही कारण असू शकतं. पावसाळा सरताना आपल्याकडे गल्लोगल्ली डेंग्यू नाहीतर चिकनगुनिया असतो. चिकनगुनियाचा ताप आठवड्याभरात उतरतो, सांधे मात्र कित्येक आठवडे, कधी कधी महिने सोडत नाही. सकाळी घोटे आणि बोटं अशी आखडतात की बुटाची लेस बांधता येत नाही. साठी ओलांडलेला माणूस घरात बसून ग्रुपवरचे सगळ्यांचे रन बघत असेल आणि स्वतःकडे टाकायला काही नाही म्हणून लिहीतही नसेल. यातलं काय खरं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. तूही सांगू शकत नाहीस, कारण तू विचारलेलंच नाहीस.

तर आज फोन कर. मेसेज नाही, आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. तिथे "काका, दिसत नाही?" लिहिलंस की पाठोपाठ साठ जण हात जोडतील, चार जण काढ्याची कृती टाकतील आणि काका संकोचून "सगळं ठीक, आभारी" म्हणून मोकळे होतील. फोनवर तब्येतीपासून सुरुवात करू नको. "काका, तुम्ही विचारलं होतं ना तिसरा किलोमीटर का रेंगाळला, तो चढ होता, सांगायला उशीर झाला," इथून कर. पुढचं ते बोलतील. "परत कधी येताय?" हे मात्र विचारू नको. दुखणाईताला त्यात तगादा ऐकू येतो, आणि नियमामुळे मागे सरलेल्याला टोमणा.

आणि फोन ठेवण्याआधी रविवार ठरव. पहाटे पावणेसहा, जपानी गार्डनपाशी, तीन किलोमीटर, त्यांच्या वेगाने.

त्यांच्या वेगाने धावणं तुला वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून नीट सांगते. पहिली पाच मिनिटं नुसतं चाला. मग एक मिनिट धावणं, दीड मिनिट चालणं, असं शेवटपर्यंत. तीन किलोमीटरला पस्तीस मिनिटं लागली तरी चालतील. मध्ये चालणं म्हणजे हार, असं तुमच्या ग्रुपातल्या वेगवान पोट्ट्यांना वाटत असेल, तर त्यांना सांग की ही धाव-चाल पद्धत जगभर नेली ती जेफ गॅलोवे यांनी, आणि ते १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या संघातून १०,००० मीटर धावले होते. तू पावलं आखूड ठेव, पण पावलांची लय मंद करू नको. लांब टाचा टाकत हळू धावलीस तर तुझ्याच नडग्या भरून येतील. काकांना रस्त्याच्या कडेच्या बाजूला घे आणि समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील अशा, म्हणजे उजव्या, बाजूने धावा. अर्धं पाऊल पुढे राहू नको. बहुतेक जण इथेच चुकतात. सोबत म्हणून येतात आणि अर्धं पाऊल पुढे काढतात, मग मागचा माणूस नकळत ते अंतर भरायला धडपडतो आणि दुसऱ्याच किलोमीटरला थकतो. खांद्याला खांदा. त्यांना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं नाही तर मिनिट संपायची वाट न बघता चालायला लागा. चढावर त्यांना बोलायला लावू नको, तू बोल, त्यांनी ऐकावं.

"बस, आलंच" हे तर अजिबात म्हणू नको. शर्यतीत चौदाव्या किलोमीटरला बाजूला उभं राहून असं ओरडणाऱ्यांना आपण सगळेच मनातल्या मनात शिव्या देतो. खरं अंतर सांग. "त्या खांबापर्यंत, दोनशे मीटर."

ताप जाऊन आठवडाही झाला नसेल, तर धावणं नाही. घोट्यांना सूज असेल तर नुसतं चालणं, तेही त्यांचे डॉक्टर हो म्हणाले तर. छातीत जडपणा, धडधड, चक्कर, यातलं काहीही बोलण्यात आलं तर रविवार रद्द आणि आधी डॉक्टर. त्या रविवारी तू त्यांच्या घरी चहाला जा.

घरी आल्यावर तो तीन किलोमीटरचा रन तू ग्रुपवर टाक. तुझ्या नावाने, काकांचं नाव आणि फोटो त्यांना विचारल्याशिवाय नको. ॲडमिनने हटकलं तर हटकू दे. मग पुढच्या रविवारी आणखी कोण चार, कोण अडीच टाकतं ते बघ. आपला तीन किलोमीटरचा रन लपवून बसलेले त्या ग्रुपात काका एकटे नसणार.

तुझ्या हाफचं काय, हा प्रश्न तुझ्या मनात आलाच असेल. काही बिघडत नाही. शनिवारी सकाळची शाळा असेल, म्हणजे लांब धाव रविवारीच. पहिले तीन काकांबरोबर, त्यांना सोडलं की पुढचे तुझे. सहापासून सुरू कर, दर आठवड्याला किलोमीटर-दीड किलोमीटर वाढव, तीन आठवडे वाढवलं की चौथ्याला कमी कर. जानेवारीपर्यंत सोळा-सतरावर पोचशील, पहिल्या हाफला तेवढं पुरतं. पहिल्यांदा हाफ करणारे फसतात ते पहिले तीन किलोमीटर जोशात काढल्यामुळेच. ते मंद काढायची सवय तुला दर रविवारी फुकटात लागेल. चारही दिवस एकाच वेगाने, धापा टाकत धावत असशील तर तेही मोडेल.

मैत्रिणीचं एवढंच. तिचा वेग वाढला. जी आता किलोमीटरला सहा मिनिटांनी धावते तिला पावणेआठने धावायला लावलंस तर तिचा सराव बुडेल, आणि तू तिच्या मागे पळालीस तर तुझा गुडघा. धावणं वेगळं करा, त्यानंतरचे तर्री पोहे एकत्र खा. ती लिहीत नाही म्हणून रुसलीस, पण तिच्या शेवटच्या रनवर तू स्वतः काय लिहिलंस? तिलाही अंगठाच ना?

ग्रुप सोडायचा की नाही ते रविवारनंतर ठरव. काहून घाई करतेस? काकांचा नंबर सदस्यांच्या यादीत सापडेल. तिथे नसेल तर ते बाहेर पडलेत. मग यादीच्या तळाशी जा, गेल्या साठ दिवसांत ग्रुप सोडलेल्यांची नावं तिथे दिसतात. रात्री आठच्या आत फोन कर, पहाटे उठणारी माणसं लवकर झोपतात.