टेनेसी विद्यापीठाचा बेसबॉल कोच थेट मेजर लीगमध्ये गेला, यात एवढं विशेष काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टोनी व्हिटेल्लोने २०२४ साली टेनेसीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतल्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला मॅनेजर (म्हणजे तिथला मुख्य कोच) केलं. चांगलं काम केलं, वरची जागा मिळाली. मग एवढा गाजावाजा कशाला? आणि कॉलेजात पगार रग्गड होता म्हणतात, तर तो गेला तरी का?

मी बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात राहतो आणि जायंट्सचा चाहता आहे. २०२१ नंतर आमच्या संघाने प्लेऑफचं (हंगामाअखेरच्या बाद फेरीचं) तोंड पाहिलेलं नाही. तेव्हा हे उत्तर अगदी तटस्थ माणसाचं नाही, एवढं धरून चाला. हे लिहिलंय २०२६ चा हंगाम सुरू होण्याआधी, त्यामुळे निकाल विचारू नका.

आधी हे सांगतो की याला बढती समजू नका. कॉलेजचा हेड कोच आणि मेजर लीगचा मॅनेजर या दोघांत सारखं काय, तर दोघेही गणवेश घालून डगआउटच्या (मैदानालगत संघ बसतो त्या जागेच्या) कठड्याला टेकून उभे असतात. बाकी काम जवळजवळ उलटं.

कॉलेजात कोच म्हणजे संस्थानिक. सोळा-सतरा वर्षांच्या पोराच्या घरी जाऊन आईवडिलांशी गोड बोलणं, त्याला आपल्याकडे वळवणं, शिष्यवृत्ती किती द्यायची ते ठरवणं, कोणाला खेळवायचं, कोणाला बसवायचं, सकाळी सहाला व्यायामाला कोण हजर नव्हतं याचा हिशोब ठेवणं, सगळं त्याच्या हातात. कॉलेजचा एखादा सामना लावा आणि बॉलऐवजी कॅचरकडे (पिचर टाकतो तो बॉल झेलणारा, आपल्या यष्टिरक्षकासारखा) बघा. प्रत्येक बॉलआधी तो मान वळवून डगआउटकडे बघतो. तिथून कोच आकडे सांगतो, कॅचर मनगटावरच्या कार्डात ते आकडे शोधतो आणि पुढचा बॉल कोणता, कुठे, ते पिचरला कळवतो. आता त्या कार्डाच्या जागी बऱ्याच ठिकाणी इलेक्ट्रॉनिक यंत्र आलंय, पण हुकूम डगआउटचाच. बॉल टाकणारा हात पोराचा, डोकं कोचचं.

मेजर लीगमध्ये हा निर्णय बहुतेक वेळा पिचर आणि कॅचर आपसात घेतात. अलीकडे एखाद-दुसरा संघ डगआउटमधून सांगून बघतोय, पण रीत ती नाही. जायंट्सचा कॅचर पॅट्रिक बेली दोन गोल्ड ग्लव्ह (उत्तम क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार) मिळवलेला गडी आहे, तो दर बॉलला मान वळवून विचारेल असं मला वाटत नाही.

बरं, संघ निवडणंही हातात नाही. ते काम बस्टर पोझीचं. हा आमचा जुना कॅचर, २०१०, २०१२ आणि २०१४ अशी तीन जगज्जेतेपदं मिळवलेला, २०२४ च्या हंगामानंतर बेसबॉल विभागाचा अध्यक्ष झाला. खेळाडू तो आणि त्याची माणसं आणणार, विकणार, बदलणार. व्हिटेल्लोने समोर येतील त्या सव्वीस जणांना खेळवायचं. आणि हे सव्वीस कोण? रॅफेल डेव्हर्सचा करार दहा वर्षांचा, ३१ कोटी ३५ लाख डॉलरचा. विली अदामेसचा १८ कोटी २० लाखांचा, मॅट चॅपमनचा १५ कोटी १० लाखांचा. व्हिटेल्लोला बातम्यांनुसार वर्षाला साधारण ३५ लाख. कॉलेजात ज्याची शिष्यवृत्ती तुमच्या सहीवर अवलंबून, त्याला ओरडता येतं. ज्याचा पगार तुमच्या कित्येक पट आणि जो तुमची नोकरी गेल्यावरही बहुधा इथेच असणार, त्याला कसं ओरडणार?

गाजावाजा झाला तो यामुळे. व्यावसायिक बेसबॉलमध्ये ना खेळाडू म्हणून, ना कोच म्हणून एकही दिवस न घालवलेला माणूस कॉलेजातून उठून थेट मॅनेजरच्या खुर्चीत बसला, असं याआधी झालेलंच नव्हतं.

जवळचं उदाहरण म्हणून लोक बॉबी विंकल्सचं नाव घेतात. अॅरिझोना स्टेटला त्याने १९६५, १९६७ आणि १९६९ अशी तीन विजेतेपदं दिली. रेजी जॅक्सन, साल बँडो, रिक मंडे ही त्याच्या हाताखालून गेलेली पोरं. पण तोसुद्धा तरुणपणी मायनर लीगमध्ये (मेजर लीगखालच्या व्यावसायिक स्पर्धांत) खेळलेला, आणि १९७२ मध्ये मेजर लीगच्या एंजल्स संघाकडे आधी सहायक कोच म्हणून आला, १९७३ मध्ये मॅनेजर झाला. संघात नोलन रायन हा पिचर होता, त्याच वर्षी रायनने ३८३ स्ट्राइकआउट केले (म्हणजे तेवढे फलंदाज स्वतःच बाद केले), आधुनिक काळातला तो विक्रम अजून उभा आहे. तरी हंगाम संपला ७९ विजय आणि ८३ पराभवांवर. संघात फ्रँक रॉबिन्सन होता, कारकिर्दीच्या शेवटाला आलेला महान खेळाडू, आणि त्याचं विंकल्सशी पटलं नाही. १९७४ च्या मध्यावर विंकल्सची गच्छंती झाली. त्यानंतर कॉलेजचा हेड कोच थेट उचलायची हिंमत कुणाला फारशी झाली नाही, यात नवल नाही.

अलीकडे दार किलकिलं झालं ते पिचिंग कोचांसाठी. डेरेक जॉन्सन व्हँडरबिल्टमधून २०१२ मध्ये मेजर लीगच्या शिकागो कब्जकडे गेला. वेस जॉन्सनला मिनेसोटा ट्विन्सने २०१८ च्या अखेरीस आर्कान्सातून थेट मेजर लीगचा पिचिंग कोच केलं. क्रिस फेटर मिशिगनमधून डेट्रॉइटला गेला आणि तिथे चांगलाच रुळला. बॉलचा वेग, फिरकी, कॅमेऱ्याचे आकडे यांचं काम कॉलेजांत इतकं पुढे गेलंय की त्यासाठी तिथून माणूस आणण्यात आता कुणाला संकोच वाटत नाही. पण हे सगळे सहायक. मिलवॉकीचा पॅट मर्फी हा खरा कॉलेजवाला मॅनेजर, नोत्र दाम आणि अॅरिझोना स्टेट गाजवलेला. २०२४ आणि २०२५ असं सलग दोनदा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन विभागांपैकी एकाचा) सर्वोत्तम मॅनेजर ठरला. मात्र त्याने मध्ये मायनर लीगमध्ये संघ सांभाळले, आणि नोत्र दाममधल्या आपल्याच जुन्या खेळाडूच्या, क्रेग काउन्सेलच्या, हाताखाली वर्षानुवर्षं बेंच कोच (मॅनेजरचा मुख्य सहायक) म्हणून काढली. कॉलेजचा राजेपणा उतरवायला त्याला तेवढा वेळ मिळाला. व्हिटेल्लोला एक हिवाळा मिळाला.

आपल्याकडे चंद्रकांत पंडितांचं बघा. विदर्भाला लागोपाठ दोन रणजी, मध्य प्रदेशला पहिली रणजी, आणि शिस्त अशी की पोरं चळचळा कापत. मग कोलकाता नाइट रायडर्सकडे गेले. २०२४ ची आयपीएल जिंकली खरी, पण तीच शिस्त परदेशी खेळाडूंना जाचत होती हे त्यांच्यातल्याच डेव्हिड वीझने उघड बोलून दाखवलं. रणजीतला हात जसाच्या तसा आयपीएलमध्ये चालत नाही.

आता व्हिटेल्लोचा स्वभाव. टेनेसीचा संघ म्हणजे दंगा. २०२२ साली होम रन (आपल्या षटकारासारखा फटका) मारून आलेल्याच्या अंगावर डगआउटमध्ये फरचा कोट चढवायचे. त्याच वर्षी पंचाला छातीने धक्का दिल्याबद्दल व्हिटेल्लोवर चार सामन्यांची बंदी आली. बंदीच्या काळात हा पठ्ठ्या विद्यार्थ्यांमध्ये जाऊन दोन डॉलरला एक या दराने लोकांना छातीधक्के देत होता, पैसे जखमी सैनिकांच्या संस्थेला. नॉक्सव्हिलमध्ये, म्हणजे टेनेसी विद्यापीठाच्या गावात, लोक त्याच्यावर जीव का टाकायचे ते यावरून कळेल, आणि कॉन्फरन्समधल्या (विद्यापीठांच्या गटातल्या) बाकीच्यांना तो का खुपायचा तेही.

हा जोश कॉलेजच्या वेळापत्रकाला शोभतो. तिथे साधारण ५६ सामने, शुक्रवार-शनिवार-रविवार मालिका आणि मधे मंगळवारी एखादा. सगळ्यात चांगला पिचर शुक्रवारी टाकतो आणि आठवडाभर विश्रांती घेतो. मेजर लीगमध्ये सहा महिन्यांत १६२ सामने, जवळजवळ रोज. तिथे मॅनेजरची खरी परीक्षा नऊपैकी आठव्या इनिंगला होते. कालही टाकलेला रिलीव्हर (सामन्यात मधेच आणलेला बदली पिचर) आज पुन्हा आणायचा का, आणला तर परवाचं काय, आणि ज्याला नाही आणला तो रुसला तर काय. मला विचाराल तर व्हिटेल्लोची सगळ्यात मोठी कसोटी हीच असेल. कॉलेजात उद्याचा विचार न करता आजचा सामना ओढून आणता येतो, कारण शर्यत छोटी असते. इथे एप्रिलमध्ये पिचरांचे हात वापरून टाकलेत तर ऑगस्टमध्ये हातच उरत नाहीत.

पराभवांचाही हिशोब करा. टेनेसीत आठ हंगामांत ३४१ विजय आणि १३१ पराभव. २०२२ मध्ये तर ५७ विजय आणि फक्त ९ पराभव, तरी नोत्र दामने टेनेसीच्याच मैदानावर त्यांना स्पर्धेबाहेर काढलं ते वेगळं. जायंट्सने २०२५ या एकाच वर्षी ८१ जिंकले आणि ८१ हरले; त्यावर आधीच्या मॅनेजरला, बॉब मेल्विनला, नारळ मिळाला. अगदी उत्तम संघही इथे ६०-६५ सामने हरतो. हरलेल्या रात्री झोप लागणं हे या नोकरीतलं कौशल्य आहे, आणि कॉलेजात ते शिकायची पाळी त्याच्यावर फारशी आलीच नाही.

मग गेला का? पैशासाठी नाही. टेनेसीत त्याला वर्षाला सुमारे ३० लाख डॉलर मिळत होते, म्हणजे वाढ झाली तरी डोळे विस्फारावेत अशी नाही. उलट टेनेसीचा करार मोडण्याची किंमतच ३० लाखांच्या घरात होती. त्याच्या मनातलं मला माहीत नाही, पण कॉलेजचं काम गेल्या चार-पाच वर्षांत कुठे गेलंय ते दिसतं. खेळाडू हवं तर दरवर्षी विद्यापीठ बदलू शकतो, त्याचा ट्रान्सफर पोर्टल नावाचा बाजार वर्षाला भरतो. जाहिरातींचे पैसे खेळाडूंना मिळू लागले. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, सगळ्या खेळांत मिळून. बेसबॉलला पूर्वी ११.७ शिष्यवृत्त्या असायच्या, त्याच संपूर्ण संघात तुकडे करून वाटायच्या. आता त्याऐवजी ३४ खेळाडूंची मर्यादा. म्हणजे कोचचा निम्मा दिवस फोनवर, पोरं टिकवण्यात आणि नवी मिळवण्यात. मैदानावरचं बेसबॉल ज्याला आवडतं, त्याला निव्वळ बेसबॉलची नोकरी मोहात पाडेल, यात मला तरी अचंबा वाटत नाही. शिवाय तेव्हा वय ४७, घर खेळाचंच. वडील सेंट लुइसमधले नावाजलेले शालेय कोच. अशी संधी दुसऱ्यांदा दार ठोठावेल याची खात्री कोण देणार?

पोझीने त्याला का घेतलं, हे त्याहून सोपं. व्हिटेल्लोच्या हाताखालून गेलेले खेळाडू वर पोहोचतात. मिसूरीत तो सहायक असताना मॅक्स शर्झर तिथे पिचर होता. टेनेसीतून गॅरेट क्रोशे गेला, क्रिस्टियन मूर गेला. आणि आजच्या जायंट्समध्येच ड्रू गिल्बर्ट आणि ब्लेड टिडवेल हे त्याचे दोन जुने शिष्य आहेत, जुलै २०२५ मध्ये न्यूयॉर्क मेट्सकडून एकाच सौद्यात आलेले. मेजर लीगचे संघ तरुण होत चाललेत. बावीस-तेवीसच्या पोराशी बोलायची भाषा ज्याला येते, तो माणूस कामाचा.

उणीव भरून काढायला शहाणपणा केलाय. मिसूरीतला त्याचा जुना सहखेळाडू जेस टिंगलर बेंच कोच आहे, तो स्वतः सॅन दिएगो पाद्रेजचा मॅनेजर होता. इनफिल्डसाठी (आतल्या क्षेत्ररक्षणासाठी) रॉन वॉशिंग्टन आलाय. (२०१० च्या वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेत, ज्या टेक्सासला आम्ही हरवलं, त्याचा मॅनेजर हाच, आणि तेव्हा आमचा नवखा कॅचर पोझी!) आठव्या इनिंगला कानात काय कुजबुजायचं ते या दोघांना माहीत आहे. व्हिटेल्लो ऐकतो का, एवढाच प्रश्न.

माझा अंदाज विचाराल तर पहिलं वर्ष धडपडीचं जाईल आणि दुसऱ्यात कळेल. फसला तरी तो रस्त्यावर येणार नाही; वेस जॉन्सन २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर ट्विन्सना सोडून कॉलेजात परतला आणि आज जॉर्जियाचा हेड कोच आहे. टेनेसीची जागा मात्र गेली, ती व्हिटेल्लोच्या सहायकाला, जॉश एलँडरला मिळाली. जायंट्सचा पहिला सामना २५ मार्च २०२६ ला, घरच्याच मैदानावर, न्यूयॉर्क यांकीजशी ठरला. भारतात तेव्हा २६ तारखेची पहाट.