डिझेल पिकअपचं इंजिन ऑइल : कोणतं घालायचं, कधी बदलायचं?

ऑइलबद्दल बरेच प्रश्न साठले होते. त्यांतले सारखे सारखे येणारे या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मॅन्युअलमध्ये ५डब्ल्यू-३० लिहिलंय. मेकॅनिक म्हणतो, गाडी लोडवर चालते, १५डब्ल्यू-४० घाला. कुणाचं ऐकू?

मॅन्युअलचं. मेकॅनिक मात्र अगदीच चुकीचं बोलत नाहीये. डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला ते किती दाट राहतं ते. लोडवर चढ चढताना दाट ऑइल बरं, हा त्याचा हिशेब. मॅन्युअलमध्ये बहुधा बाहेरच्या तापमानानुसार ग्रेडचा तक्ता असतो. त्यात १५डब्ल्यू-४० असेल तर खुशाल घाला, नसेल तर नको.

पण खरी गोम वेगळीच आहे. बेअरिंगमध्ये ऑइल प्रचंड दाबाखाली पिळलं जातं आणि तिथलं तापमान १०० च्या बरंच वर जातं. म्हणून १५० अंशांवर वेगळी चाचणी होते. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेली दोन ऑइलं या चाचणीत वेगवेगळी निघू शकतात. एसीईए (युरोपातल्या वाहन उत्पादकांची संघटना) सी३ दर्जाच्या ऑइलला इथे दाटपणाचा आकडा किमान ३.५ (मिलिपास्कल-सेकंद) गाठावा लागतो, सी२ ला २.९ पुरतो. तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूचा मोठा आकडा पाहून झाला की डबा फिरवा. मागे बारीक अक्षरात एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट), एसीईए आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मंजुरीचे क्रमांक असतात. ते मॅन्युअलशी जुळवा. पुढच्या चित्रावर विसंबून डबा उचलणारे फार भेटतात.

प्रश्न : जुन्या ट्रकसाठी घेतलेलं एपीआय सीआय-४ प्लस दर्जाच्या ऑइलचं बॅरल पडून आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) असलेल्या नव्या पिकअपला चालेल का?

नाही. डीपीएफमध्ये अडकलेली काजळी रिजनरेशनमध्ये, म्हणजे जाळी तापवून साफ केली जाते तेव्हा, जळून जाते. ऑइलमधल्या धातूयुक्त ॲडिटिव्हची राख मात्र जळत नाही, ती जाळीत साचतच राहते. म्हणून २००६ मध्ये आलेल्या सीजे-४ या एपीआय दर्जापासून राखेवर १ टक्क्याची मर्यादा आली. एसीईए सी३ मध्ये ती ०.८ टक्के आहे. सीआय-४ ला असं बंधन नव्हतं. बॅरल ट्रकलाच संपवा.

उलट बाजूनं चालतं. २०१६ अखेरीस आलेलं सीके-४ जुन्या इंजिनांतही घालता येतं. डिझेलमध्ये गंधक जास्त असेल तर तेवढं लवकर बदला. त्याच्याच बरोबर आलेलं एफए-४ मात्र वेगळं आहे. ते मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, मॅन्युअलमध्ये नाव घेऊन सांगितलं असेल तरच वापरायचं.

प्रश्न : ऑइल बदलून हजार किलोमीटरही झाले नाहीत, तोच ते काळंकुट्ट झालं. भेसळ असेल का?

डिझेल इंजिनात ऑइल काळं होणारच. काजळीचे कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगत ठेवणं हे त्यातल्या डिस्पर्संटचं काम, आणि काळा रंग म्हणजे ते काम चालू आहे. रंगावरून काही ठरवू नका.

शंका असेल तर गरम इंजिनाच्या डीपस्टिकवरचा एक थेंब टिपकागदावर टाका आणि काही तास आडवा ठेवा. डाग कडेकडे फिका होत पसरला तर ठीक. मधोमध घट्ट काळा ठिपका, त्याला धारदार कड आणि बाहेर नुसतं तेलकट वर्तुळ दिसलं तर ऑइल काजळी पेलेनासं झालंय, बदलून टाका. ही ढोबळ चाचणी आहे. पक्कं हवं असेल तर नमुना प्रयोगशाळेत द्या. तिथे सिलिकॉन वाढलेलं निघालं तर एअर फिल्टरच्या बाजूनं धूळ आत जातेय का, ते आधी बघा.

प्रश्न : कंपनी १०,००० किलोमीटर सांगते. आमची पिकअप दिवसभर दारोदार माल पोचवते, इंजिन चालूच असतं. तेवढे किलोमीटर थांबायचं का?

नाही थांबायचं. किलोमीटर चाकं मोजतात, ऑइल मात्र तासांनी झिजतं. सरासरी ताशी ६० नं धावणाऱ्या गाडीचे १०,००० किलोमीटर सुमारे १६७ तासांत होतात. तुमची सरासरी २० असेल तर तेवढ्याच किलोमीटरला ५०० तास. ऑइलनं तिप्पट वेळ काम केलं आणि मीटरला त्याचा पत्ताच नाही.

उभ्या गाडीत इंजिन चालू राहिलं तर हिशेबाला एक तास म्हणजे साधारण ४० किलोमीटर धरा. शिवाय जवळच्या फेऱ्यांमध्ये इंजिन पुरतं तापत नाही, त्यामुळे ऑइलमध्ये उतरलेलं पाणी आणि डिझेल उडून जात नाही. मॅन्युअलमध्ये खडतर वापराचं वेगळं वेळापत्रक असतं, अंतर बऱ्याचदा निम्मं. ते पान तुमच्यासाठीच आहे. धूळ, सततचा पूर्ण लोड, मागे ट्रेलर, हेही त्यातच मोडतं. आणि गाडी कमी चालली तरी मॅन्युअलमधली महिन्यांची मुदत ओलांडू नका.

प्रश्न : ऑइल कमी व्हायच्या ऐवजी वाढतंय! पट्टीवर मॅक्सच्या वर दिसतं. आपोआप भरतंय, चांगलंच ना?

चांगलं अजिबात नाही, या सगळ्या प्रश्नांत काळजीचा हाच. बऱ्याच इंजिनांत डीपीएफ तापवण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडलं जातं. त्यातलं थोडं भिंतीवरून खाली संपमध्ये (इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीत) उतरतं. रिजनरेशन चालू असताना वारंवार गाडी बंद केली की हे प्रकरण वाढतं. काही गाड्यांच्या पट्टीवर मॅक्सच्या वर यासाठीच फुलीची खूण असते, तिथवर पोचलं की ऑइल बदलायचंच.

गाडी सपाटीवर लावा, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, पट्टी पुसून पुन्हा बघा. डिझेलचा वास आला तर किलोमीटर न मोजता ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. नुसतं वरचं काढून टाकू नका, उरलेलंही पातळच झालेलं असतं. लेव्हल फार चढली तर ऑइल ब्रीदरमधून (इंजिनातली वाफ सोडणाऱ्या नळीतून) इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या वाटेत) ओढलं जाऊन इंजिन त्याच्यावरच पळू लागतं, मग चावी फिरवूनही ते थांबत नाही. बदलल्यावर पुन्हा वाढलं तर इंजेक्टर तपासून घ्या. ऑइल दुधाळ दिसलं तर मात्र कूलंटचा संशय, गाडी चालवूच नका.

प्रश्न : फुल सिंथेटिक घातलं तर दुप्पट चालवता येईल?

तेवढ्यावर नाही. उष्णतेत ते जास्त टिकतं, टर्बोला फायदा होतो. पण काजळी आणि डिझेल त्यातही तितकंच मिसळतं. मुदत मॅन्युअलचीच.

प्रश्न : फिल्टर एक सर्व्हिस सोडून बदलला तर?

चोंदला की बायपास वाल्व उघडतो आणि न गाळलेलं ऑइल थेट बेअरिंगकडे जातं. दर वेळी बदला, आणि ड्रेन नटचा वॉशरही.